बसणाऱ्याची बंदूक

रेजिना,
२८ सप्टेंबर २०२४

ती. प्रभावहिनींना दीनानाथचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आणि लसणीच्या चटणीची पुडी, दोन्ही पोचली. पुडी वाटेत जरा फुटली होती, त्यामुळे पत्रालाही चव आली. शोभा म्हणाली, "वहिनींचं पत्र पोळीबरोबर खाऊ नका, आधी वाचा."

आम्ही दोघं बरे आहोत. वसंतात खांद्याचं ऑपरेशन झालं ते तुम्हाला माहीत आहेच. हात आता डोक्यापर्यंत जातो, वरच्या फळीपर्यंत नाही. त्यामुळे शोभाने तिखटाचे डबे खाली आणलेत आणि मला वर्षभरासाठी बोलणी खाण्यातून सुटका मिळाली आहे.

आज लिहायचं कारण निराळंच. वहिनी, मी गोंधळात पडलोय. हसू नका, पण गोंधळ बंदुकीचा आहे.

ओरेस्ट तुम्हाला आठवतो ना? मिलमध्ये माझा फोरमन होता. मी लेथवर नवा लागलो तेव्हा माझं इंग्रजी ऐकून बाकीचे तोंड फिरवायचे, हा एकटा हाताने खाणाखुणा करून शिकवायचा. त्याचे आजोबा युक्रेनहून आलेले. त्यानेच मला शिकारीला नेलं आणि शेतावरच्या लिलावात ती जुनी ३०३ मिळवून दिली. लष्करातून निवृत्त झालेली बंदूक, जाड लाकडाची, जड. तेव्हापासून दर नोव्हेंबरला आम्ही दोघं क्वापेलच्या दरीत हरणासाठी जातो. आता ओरेस्ट म्हणतो, तुझी ३०३ मला दे आणि माझी २४३ तू घे. अदलाबदल. वर काही देणंघेणं नाही.

त्याची बंदूक माझ्या बंदुकीपेक्षा किती तरी चांगली आहे. हलकी आहे, उडवली तर खांद्याला गचका कमी बसतो, आणि वर दुर्बीण बसवलेली आहे. दुर्बिणीचं झाकण हरवू नये म्हणून त्याने ते बुटाच्या नाडीने बांधून ठेवलंय. असा नीटनेटका माणूस! मग त्याला माझं हे लाकूड कशाला हवंय? विचारलं तर म्हणाला, "I like old wood, Dino." पुढे काही नाही. आणि जाताना म्हणाला, ती जड बंदूक खांद्यावर टाकून मी यंदा तुला रानात सोडणार नाही. यायचं तर ही घेऊन ये. हातात बसते का बघ, म्हणून त्याची बंदूक माझ्याकडे ठेवूनही गेला. दोन्ही आता बेसमेंटमध्ये कुलपात शेजारी शेजारी उभ्या आहेत, जावयासारख्या.

वहिनी, मी आजवर कोणाला बोललो नाही, तुम्हाला बोलतो. रिटायर झाल्यापासून माझी गरज लागते असं एकच काम उरलंय. आमची शिकार अशी चालते: ओरेस्ट रानाच्या एका टोकाला बसतो, मी दुसऱ्या टोकाने आत शिरून आरडाओरडा करत हरणं उठवत त्याच्याकडे येतो. हाकारा म्हणतात ना, तो मी. चाळीसेक वर्षं मीच. बंदूक बदलली म्हणजे काही तरी बिघडेल असं आत वाटतं, पण काय ते सापडत नाही. खांदा म्हणतो घे. मन म्हणतं थांब. शोभा म्हणते, "दोन्ही देऊन टाका आणि बर्फ शोव्हल करायचं मशीन आणा."

तुम्ही दादांबरोबर इतकी वर्षं शास्त्रज्ञांत वावरलात. सांगा, काय करू?

तुमचा,
दीनानाथ


ग्वेल्फ,
७ ऑक्टोबर २०२४

प्रिय दीनानाथभावोजी,
अनेक आशीर्वाद.

शास्त्रज्ञांत वावरले म्हणजे त्यांच्यासाठी चहा केला. बंदुकीतलं मला काय कळतंय? पण अदलाबदलीतलं कळतं. नाशिकला दारात बोहारीण यायची ती आठवते? आपल्या जुन्या साड्या, धोतरं घ्यायची आणि स्टीलचा डबा द्यायची. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या आई, हुशार बाई, तासभर घासाघीस करून डबा मिळवायच्या आणि दिवसभर खुशीत असायच्या. पण मला सांगा, बोहारीण कधी तोट्यात गेली का? तिला जर जुनेर हवं असेल, तर त्या जुनेरात काही तरी आहे जे आपल्याला दिसत नाही.

तेव्हा हा तुमचा ओरेस्ट बोहारीण आहे. तुमच्या त्या लाकडाला बाजारात काही तरी मोल आलेलं असणार. लष्करातली म्हणता, तर कोणा संग्रहवाल्याने त्याला सांगितलं असेल.

आणि दुसरं. तुमची ३०३, त्याची २४३. म्हणजे तुमची साठाने मोठी ना? मोठं देऊन लहान कशाला घेता? हे मी ईशिताला विचारलं. नात म्हणाली, "आजी, it doesn't work like that." मग कसं, ते तिलाही सांगता येईना. तेव्हा माझा मुद्दा शाबूत आहे.

माझ्या कानांचं म्हणाल तर, यंत्र बदललं, पण ऐकू येतो तो फक्त फ्रीज. माणसं अजून ओठ हलवतात. म्हणून पत्रं बरी. तुमचं अक्षर मोठं होत चाललंय, ते मात्र चांगलं, चष्मा लागत नाही.

चटणी पुन्हा पाठवते, या वेळी दुहेरी पिशवीत. देऊ नका ती बंदूक एवढ्यात.

तुमची,
प्रभावहिनी


रेजिना,
१५ ऑक्टोबर २०२४

ती. प्रभावहिनींना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं, पण त्याआधीच घोटाळा होऊन बसला. आता मी आधीपेक्षा दुप्पट गोंधळलोय.

शनिवारी दसरा झाला. मी दरवर्षी हत्यारांची पूजा करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मिलमध्ये होतो तेव्हा लेथवरसुद्धा कुंकवाचं बोट लावायचो, सुपरवायझर म्हणायचा, "Dino, is it bleeding?" तर शनिवारी पाट मांडला, पान्हे मांडले, गाडीची किल्ली, शोव्हल आणि माझी बंदूक. आणि ओरेस्टची तिथेच कुलपात उभी. आता तुम्हीच सांगा, घरात पाहुणा आलेला असताना घरच्याला ओवाळायचं आणि पाहुण्याला कोपऱ्यात उभं ठेवायचं, हे बरं दिसतं का? मी तीही पाटावर घेतली. दोघींना हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल. पॉपलरची पानं पिवळीधमक झाली होती, आपट्याऐवजी आम्ही तीच सोनं म्हणून वाटतो.

सोमवारी थँक्सगिव्हिंगला ओरेस्ट जेवायला आला. बायको गेल्यापासून तो दर वर्षी आमच्याकडेच येतो. सोनं दिलं, खिशात घातलं त्याने. मग म्हणाला बंदूक दाखव, कशी वाटते. खाली नेलं. कुलूप काढलं. त्याच्या बंदुकीच्या दस्त्यावर कुंकवाचा टिळा. वहिनी, तो माणूस कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. मग माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "Well then. That's that." आणि माझी बंदूक उचलून, अलगद, फुलासकट, घेऊन गेला.

मला काही उमगेना. जिन्यातच शोभा म्हणाली, "अहो, तुम्हीच नाही का त्याला सांगितलं होतं?" मग आठवलं. फार वर्षांपूर्वी त्याने गाडीवरचा टिळा बघून विचारलं होतं आणि मी ऐटीत सांगितलं होतं की हा लाल ठिपका आम्ही घरच्याच वस्तूंना लावतो. एकदा लावला की ती घरची. म्हणजे त्याला वाटलं, मी त्याची बंदूक घरात घेतली. होकार दिला. आणि मी तर फक्त पाहुणचार केला होता!

आता त्याला नाही कसं म्हणू? भीड आड येते. ते हस्तांतराचं सरकारी काम अजून झालेलं नाही, लायसन्सचे नंबर देऊन फोनवरून करायचं असतं. ओरेस्ट म्हणाला, लाइन मोकळी मिळाली की करू. तोवर म्हटलं तर नुसती एकमेकांना वापरायला दिलेली. म्हणजे अजून मागे फिरता येतं. पण फिरू का?

त्याची ३०३ हलकी आहे, हे मात्र खरं. आणि गंमत सांगतो, दुर्बिणीचं झाकण हरवू नये म्हणून त्याने ते बुटाच्या नाडीने बांधून ठेवलंय! असा नीटनेटका माणूस.

तुमचा,
दीनानाथ


ग्वेल्फ,
२३ ऑक्टोबर २०२४

प्रिय भावोजी,
आशीर्वाद.

पत्र वाचून मी इतकी हसले की ईशिता धावत आली. तिला सांगितलं, रेजिनाच्या काकाआजोबांनी बंदुकीला कुंकू लावलं आणि नवरामुलगा मुलीला घेऊन गेला!

अहो, कुंकू लावलेली वस्तू घरची होते असं कोणी सांगितलं तुम्हाला? तुमचे दादा दर दसऱ्याला युनिव्हर्सिटीच्या शेतावर जाऊन ट्रॅक्टरला कुंकू लावून यायचे. पंचवीस-तीस वर्षं लावलं. युनिव्हर्सिटीने एकदा तरी तो ट्रॅक्टर घरी पाठवला का? तसं असतं तर मी पोरींना घेऊन बँकेला कुंकू लावून आले असते. तेव्हा हे कारण खोटं. स्पष्ट सांगा त्याला, की गैरसमज झाला. तो फोरमन होता, कोणी हाकलेल म्हणून घाबरायचे दिवस संपले.

पण त्याआधी एक प्रश्न. तुम्ही दोन पत्रांत त्या बंदुकांचं वजन लिहिलंत, गचका लिहिलात, दुर्बीण लिहिलीत. (बुटाची नाडी दोन्ही पत्रांत आली. आणि ३०३ तुमची ना? दुसऱ्या पत्रात ती ओरेस्टची झाली. कुंकवाने एवढं होतं?) पण तुम्हाला तुमची जुनी आवडते, असं एकदाही लिहिलं नाहीत. मग ती गेली तर बिघडतं काय? कुठे अडतंय, ते नीट आठवून लिहा. मला काडीचं कळत नाही असं समजून लिहा, ते खरंच आहे.

आणि ओरेस्टला मी बोहारीण म्हटलं, पण फुलासकट नेली हे वाचल्यापासून जरा विचारात पडले आहे. तोट्याफायद्याचा माणूस फूल काढून टाकतो.

तुमची,
वहिनी


रेजिना,
२ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार.

दिवाळीचा फराळ पोचला. एकही शंकरपाळं मोडलं नाही, तुमच्या दुहेरी पिशवीचा विजय असो. इथे विंटर टायर्स लावून झाले. पहिलं बर्फ पडून वितळून गेलं.

तुमच्या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. आधी वाटलं, सवय. मग वाटलं, नाही. काल हातात ओरेस्टची बंदूक घेऊन बेसमेंटमध्ये उभा राहिलो तेव्हा थोडं लक्षात आलं. तुम्हाला काही कळत नाही असं समजून लिहितो, रागावू नका.

दुर्बिणीची बंदूक ही बसणाऱ्याची. एका जागी ठाण मांडायचं, लांबवर बघायचं, शांतपणे नेम धरायचा. झाडोऱ्यात चालताना दुर्बिणीचा उपयोग नाही. फांद्या अडकतात आणि जवळचं काही दिसत नाही. माझ्या ३०३ ला दुर्बीण नाही, नुसता उघडा नेम. ती चालणाऱ्याची. तशी मी तीही फारशी उडवलेली नाही. माझं काम ओरडण्याचं. लहानपणी शेतावर पाखरं हाकायचो तशीच आरोळी मी रानात देतो, "हुर्र्याऽऽ हो! निघा, निघाऽऽ!" कॅनडातल्या हरणांना मराठी कळतं, असं ओरेस्ट सगळ्यांना सांगतो. आणि दर वर्षी मी रानाच्या या टोकाने बाहेर पडलो की तो उठून उभा राहतो. हरीण मिळालेलं असो वा नसो.

मग घरी आणल्यावर काळा मसाला घालून मी गॅरेजमध्ये शिजवतो, कारण शोभा त्या पातेल्याला घरात घेत नाही. पण वास आला की खिडकी उघडून विचारते, "मीठ बघितलंत का?"

तर माझं अडतंय ते इथे. ती बंदूक दिली की माझं चालणं दिलं. असं काहीसं. नीट मांडता येत नाही.

गेल्या वर्षी बाहेर पडायला मला जरा उशीर झाला होता. ढग होते, दिशा कळेना, मी भलत्याच बाजूने निघालो. ओरेस्ट शोधत आला, उगाच घाबरला होता बिचारा, माझा चेहरा धरून विचारत होता, "You know me? You know me?" आता त्याला ओळखणार नाही तर कोणाला? मी त्याच्यावर चिडलोसुद्धा. शोभाला हे माहीत नाही, तुम्हीही सांगू नका, ती मला ग्रोसरीलासुद्धा एकटं जाऊ देणार नाही.

ओरेस्टने कारण सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं old wood, old wood. बाकी माणूस फार नीटनेटका. दुर्बिणीचं झाकण हरवू नये म्हणून त्याने काय केलंय माहीत आहे? बुटाच्या नाडीने बांधलंय.

नोव्हेंबरच्या शेवटी निघायचं आहे. त्याआधी तुमचं उत्तर आलं तर आधार वाटेल.

तुमचा,
दीनानाथ


ग्वेल्फ,
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय भावोजी,

या पत्रात चेष्टा नाही. चहा घेऊन बसा आणि सावकाश वाचा.

मी ओरेस्टला बोहारीण म्हटलं, ते चुकलं. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सगळं तुम्हीच लिहिलंय, फक्त वेगवेगळ्या ओळींत. दुर्बिणीची ती बसणाऱ्याची, उघड्या नेमाची ती चालणाऱ्याची, हे तुमचेच शब्द. आणि तो तुम्हाला दुर्बिणीची देतोय. त्याला तुमचं लाकूड नको आहे. गेल्या वर्षी तुम्ही भलत्या बाजूने बाहेर पडलात, तेव्हापासून तो माणूस विचार करत असेल की याला पुन्हा एकट्याला रानात शिरू कसं देऊ, आणि येऊ नकोस असं तोंडाने कसं म्हणू.

भावोजी, बुटाची नाडी तुम्ही मला तीन पत्रांत तीनदा सांगितलीत. तिन्ही वेळा पहिल्यांदा सांगावी तशी.

दादांचं शेवटी असंच सुरू झालं होतं. तुम्ही तेव्हा लांब होतात, फोनवर ते छान बोलायचे, म्हणून मी कोणाला फारसं सांगितलं नाही. डॉक्टरांनी सरकारला कळवलं आणि त्यांचं गाडी चालवायचं लायसन्स गेलं. कायद्याने बरोबरच होतं. पण त्या जागी दुसरं काही द्यावं, हे आम्हा कोणाला सुचलं नाही. ते रोज सकाळी कपडे करून गॅरेजमध्ये जायचे आणि उभ्या गाडीत पट्टा लावून बसायचे. मी जेवायला बोलवायला जायची. असं दोन हिवाळे.

ओरेस्टला जे सुचलं ते आमच्या घरात चार पदव्या असून सुचलं नाही. तो तुमचं काम काढून घेत नाहीये, स्वतःची जागा तुम्हाला देतोय. घ्या ती.

आणि शोभाला सांगा. मी सांगणार नाही, तुम्हीच सांगायचं. डॉक्टरकडे तिला बरोबर न्या. कदाचित काही नसेल. पण दोघांनी जाऊन काही नसलेलं बरं.

तुमची,
वहिनी


रेजिना,
२६ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार.

टपालवाल्यांचा संप चालू आहे. तुमचं पत्र आलेलं नाही, हेही जाणार नाही. तरी लिहितो. लिहिलं की डोक्यातला गुंता जरा सुटतो असं वाटतं.

उद्या निघतो. काही ठरलेलं नाही. ओरेस्टला सांगणार आहे की कुंकवाचा गैरसमज झाला, माझी बंदूक परत दे. सकाळी हेच ठरवलं होतं. दुपारी त्याची बंदूक पुसायला घेतली तर वाटलं, हलकी आहे, चांगली आहे, राहू दे. संध्याकाळी शोभाने विचारलं, "शेवटी काय ठरलं?" मला दोन्ही उत्तरं आठवत होती, पण कुठलं नंतरचं ते आठवेना. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि कणीक मळायला घेतली. तिंबत राहिली, तिंबतच राहिली.

तुम्ही काय लिहिलं असेल, वहिनी? तुम्हीच म्हणाला होतात, देऊ नका एवढ्यात. की ते आधीचं पत्र?

दीनानाथ


रेजिना,
४ जानेवारी २०२५

ती. प्रभावहिनींना दीनानाथचा साष्टांग नमस्कार.

अकरा नोव्हेंबरचं तुमचं पत्र काल हातात पडलं. संपात कुठे तरी थंडीत पडून होतं बिचारं. मध्ये ईशिताकडून शोभाला फोन करवलात, ते कळलं. शोभाने "शिकारीला गेलेत, ठीक आहेत" एवढंच सांगितलं कारण तेव्हा तिलाही तेवढंच माहीत होतं. माझं संपातलं पत्र यासोबत पाठवतो. ते वाचून काळजी करू नका, हे वाचा.

तुम्ही जे लिहिलंत ते खरं आहे. ते मला तुमच्या पत्राआधी कळलं, पण तुमच्याइतकं हुशारीने नाही. मला बसावं लागलं.

त्या दिवशी दरीच्या काठावर ट्रक लावला. लख्ख ऊन, बर्फ घोट्याएवढं. दोघांनी नारिंगी कपडे चढवले. ट्रकमधून बंदुका काढताना मी माझ्या जुन्या बंदुकीकडे हात केला, तोंडात सगळं तयार होतं, कुंकू, गैरसमज, पाहुणचार. तोवर ओरेस्टने ती खांद्याला अडकवलीसुद्धा होती. दस्त्यावर टिळा तसाच, पुसलेला नाही. म्हणाला, "You sit. I'll push." म्हणजे हाकारा तो घालणार.

मी म्हटलं, "तू? ऐंशीचा झालास. गुडघे बदललेस दोन्ही."

"Exactly," म्हणाला. "Brand new knees. तुझे जुने आहेत."

मला राग आला, वहिनी. मी म्हटलं, हे माझं काम आहे, मला वाट माहीत आहे, मी काय लहान आहे? त्याने ट्रकमधून स्वतःची बसायची बादली काढली, पालथी घातली, वर गादी ठेवली आणि हाताने दाखवलं, बस. तशीच खूण, लेथवर पहिल्या दिवशी केली होती तशी. मी बसलो. तो रानाला वळसा घालून निघून गेला.

आता सांगतो ते नीट ऐका. इतकी वर्षं मी त्या रानात आतून चाललोय. बाहेरून, त्या बादलीवर बसून, कधीच बघितलं नव्हतं. वहिनी, ते एवढंसं आहे! पॉपलरची झाडं, मध्ये थोडी झुडपं, दोन्ही टोकं एका नजरेत दिसतात. पलीकडे रस्ता, त्यावरून जाणारा ट्रकसुद्धा दिसला. इतक्याशा झाडीत माणूस हरवत नाही. लहान मूलसुद्धा हरवायचं नाही. आणि मी गेल्या वर्षी तिथे हरवलो होतो. ढगांमुळे नव्हे. मला आठवलं की मी आत उभा होतो आणि कुठे चाललोय तेच माहीत नव्हतं. ओरेस्टने चेहरा धरला तेव्हा त्याचं नाव यायला वेळ लागला होता. तुम्हाला लिहिलं की ओळखलं. लगेच नव्हतं ओळखलं.



मग झाडीतून आरोळी आली. "हुर्र्याऽऽ हो! निगाऽ, निगाऽऽ!" आमच्या शेतावरची आरोळी, युक्रेनी गळ्यातून. त्याला मी कधी शिकवली नव्हती. तिथे बसून बसून पाठ झालेली. आणि एका सुरात नाही, थोडं चालून एकदा, थोडं चालून पुन्हा, मी द्यायचो तशी. मला कळत होतं तो कुठे पोचलाय.

दोन माद्या निघाल्या. शेपट्या पांढऱ्या, माझ्यापासून अगदी जवळून गेल्या. बंदूक मांडीवरच राहिली. माझं लक्ष आवाजाकडे होतं. एकदा आरोळी थांबली, पुढची येईचना. पडला का? गुडघा? मी उठून उभा राहिलो. मग परत आली, जवळ. आणि तो झाडीतून बाहेर पडला, नारिंगी, वाकलेला, लाल नाकाचा, अंगभर बर्फ. आधी बादलीकडे बघितलं, मी आहे का. मी उभा होतो. त्याने हात वर केला.

तेव्हा कळलं, तो दर वर्षी का उठून उभा राहायचा.

जवळ आल्यावर विचारलं, "See anything?"

मी म्हटलं, "दोन."

"And?"

"तुझी वाट बघत होतो."

तो बादलीवर धपकन बसला आणि म्हणाला, "Lousy job, eh?" मी म्हटलं, फार वाईट नोकरी. मग थर्मासमधला चहा प्यायलो. मी त्याला विचारलं, old wood का म्हणालास? सरळ का नाही सांगितलंस? तर म्हणाला, सरळ सांगितलं असतं तर तू आला असतास का? मी म्हटलं, नाही. "So," म्हणाला.

परत आल्यावर फोन करून हस्तांतर पक्कं केलं. दोघांचे नंबर त्यानेच वाचून दाखवले, मी नुसता हो म्हणालो. त्याच रात्री शोभाला सांगितलं. सगळं, गेल्या वर्षीचंही. ती म्हणाली, "मला माहीत नव्हतं असं तुम्हाला वाटलं, हीच विसराळूपणाची मोठी खूण."  दोन आठवड्यांनी डॉक्टरकडे जायचं आहे, दोघं. ओरेस्ट गाडी चालवणार आहे आणि मागे बसून बडबड करू नका, अशी शोभाने मला आत्ताच ताकीद दिली आहे.

दादांचं तुम्ही लिहिलंत ते पहिल्यांदाच कळलं. ते गाडीत पट्टा लावून बसायचे. मी ते वाक्य वाचून पत्र मिटलं आणि पुन्हा उघडलं. मला बादली मिळाली, वहिनी. त्यांना मिळाली नाही. यात तुमचं काही चुकलं नाही. तिथे ओरेस्ट नव्हता, एवढंच.

यंदा हरीण मिळालं नाही. काळा मसाला तसाच आहे. शोभाने त्यात वांगी केली, घरात, तिच्या पातेल्यात.

आणि हो, एक राहिलं. दुर्बिणीच्या झाकणाची बुटाची नाडी तुटायला आली होती. शोभाने लाल दोरा शोधून दिला, तो मी आज बांधला. हे तुम्हाला आधी सांगितलेलं नाही, कारण हे आजच झालंय. बरोबर ना?

तुमचा,
दीनानाथ